मदरबोर्ड स्वस्त घ्यावा, पण पारखून घ्यावा

कपड्याच्या व्यापारात एक साधा नियम आहे. घडी आणि लेबल बघून कोणी माल घेत नाही. ठाण उलगडून उजेडात धरतात, सुताचा काउंट विचारतात, रीड-पिक मोजतात, आणि मग भावाला बसतात. आम्ही तीस वर्षे हेच करीत आलो आहोत. पण हाच व्यापारी पेढीसाठी कॉम्प्युटर घ्यायला निघाला की सगळे शहाणपण घरी ठेवून जातो. दुकानदार म्हणतो, "सेठ, आय-फाइव्ह आहे," आणि आपण खिशात हात घालतो. आत मदरबोर्ड कोणता आहे, हे विचारीतही नाही. आम्हीही विचारले नव्हते. त्याची किंमत काय मोजावी लागली ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कोरडे वाटणार नाही.

आमची चूक

२०२१ साली आम्ही एका दुकानातून जोडून तयार असलेला कॉम्प्युटर घेतला. बिलावर "आय-५ कॉम्प्युटर, १ नग" एवढेच लिहिलेले. भाव कमी लागला म्हणून आम्ही खूश होतो. २०२३ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ऐन उन्हाळ्यात, तो बंद पडला. एप्रिलचे जीएसटीआर-१ अकरा मेपर्यंत भरायचे होते. दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडून सांगितले की प्रोसेसर आय५-३४७० आहे, म्हणजे तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा. बोर्ड एच६१ जातीचा, आणि कंपनीचे नाव आम्ही कधी ऐकले नव्हते असे. प्रोसेसर शाबूत होता, बोर्ड जळाला होता. त्या सॉकेटचे बोर्ड नामवंत कंपन्यांनी बनवणे केव्हाच थांबवलेले. बाजारात मिळत होते ते वापरलेले किंवा तसलेच बिननावाचे.

बोर्ड गेला म्हणून डिस्कवरचा हिशेब जात नाही, हे तेव्हा कळले. डिस्क दुसऱ्या मशीनला लावून हिशेब मिळाला. पण या धावपळीत तारीख निघून गेली. आमचे रिटर्न उशिरा गेल्यामुळे आमच्याकडून माल घेणाऱ्यांना त्या महिन्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये कराची जमा दिसली नाही. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी कराची रक्कम अडवून धरली. त्यांचे काही चुकले नव्हते. चार-पाच हजार वाचवायला गेलो आणि लाखाच्या व्यवहारात शब्द खाली पडला.

त्यानंतर आमच्या भाच्याला बरोबर घेऊन नवीन कॉम्प्युटर जोडून घेतला. तो म्हणाला, "मामू, प्रोसेसर, रॅम, डिस्क यांतले एकेक नंतर बदलता येते. बोर्ड बदलायचा झाला तर सगळेच उतरवावे लागते. म्हणून आधी बोर्ड ठरवू." त्या खरेदीतून जे शिकलो ते येथे मांडतो.

बोर्ड म्हणजे मागाचा सांगाडा

पॉवरलूममध्ये मोटर कितीही चांगली असो, सांगाड्याची रुंदी जेवढी तेवढ्याच पन्ह्याचे कापड निघते. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर ही मोटर आणि मदरबोर्ड हा सांगाडा. रॅम किती आणि कोणत्या जातीची लागेल, किती डिस्क बसतील, जुना मॉनिटर आणि प्रिंटर जोडता येईल की नाही, उद्या मोठा प्रोसेसर घालता येईल की नाही, हे सगळे बोर्ड ठरवतो. त्याच प्रोसेसरला महाग बोर्ड दिला म्हणून टॅली दुप्पट वेगाने चालत नाही. हे नीट ध्यानात घ्यावे, कारण यातच बचतीची जागा आहे. बोर्डावर जास्त पैसे दिल्याने वेग फारसा वाढत नाही. सोयी वाढतात आणि जड काम सोसण्याची ताकद वाढते. ज्या सोयी आपल्याला लागत नाहीत त्यांचे पैसे देणे ही फजूलखर्ची. आणि जी ताकद लागते तिच्यात कपात करणे म्हणजे पुढच्या नुकसानीची उचल आजच घेणे.

नंबर वाचायला शिका

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. खोक्यावरचे बारीक इंग्रजी अक्षर बघून आम्हीही घाबरत होतो. पण वाचायचे नंबर फार थोडे आहेत.

पहिला नंबर प्रोसेसरचा. नुसते "आय५" म्हणजे नुसते "सुती कापड" म्हणण्यासारखे आहे. पुढचा आकडा बघावा. आय५-१२४०० मध्ये सुरुवातीचे १२ म्हणजे बारावी पिढी. आय५-३४७० मध्ये नुसते ३, म्हणजे तिसरी. नाव एक, माल दहा वर्षांच्या अंतराचा. हा फरक आता आणखी महत्त्वाचा झाला आहे, कारण विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांना अधिकृतपणे चालत नाही. तरीही एच६१, एच८१ अशा जुन्या बोर्डांवर दुसऱ्या-चौथ्या पिढीचे प्रोसेसर बसवून "आय-५" म्हणून विकणारे आहेत. मालाचा ऐब गिऱ्हाइकाला सांगितला तर गोष्ट वेगळी. न सांगता विकला तर आपणच विचारून घ्यावे.

नंबरच्या शेवटचे अक्षरही बघावे. इंटेलच्या प्रोसेसरमागे "एफ" असेल तर त्यात चित्र दाखवणारा भाग नसतो. त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. आय५-१२४०० ला मॉनिटर थेट बोर्डाला जोडता येतो, आय५-१२४००एफ ला नाही. एफ थोडा स्वस्त दिसतो, पण हिशेबाच्या कामासाठी तो महाग पडतो.

दुसरा नंबर बोर्डाचा. त्याला चिपसेट म्हणतात. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांचा सॉकेट एकच, एलजीए१७००. त्यावर कमी भावाच्या बाजूला एच६१०, मधल्या भावाला बी६६० आणि बी७६०, आणि वरच्या भावाला झेड६९० आणि झेड७९० असे बोर्ड आले. झेडचा मुख्य फायदा असा की प्रोसेसरला नेमल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येते, तेही ज्याच्या नंबरामागे "के" आहे त्यालाच. आय५-१२४०० ला के नाही. म्हणून आपल्यासाठी झेडचा विचार तेथेच संपतो. प्रश्न उरतो एच६१० की बी७६०.

एच६१० की बी७६०

आय५-१२४०० हा जानेवारी २०२२ मध्ये आलेला मधल्या भावाचा प्रोसेसर. आम्ही तोच वापरतो, म्हणून उदाहरणाला घेतो. त्याला सहा कोअर आहेत. नेहमीच्या कामाला ६५ वॅट वीज धरलेली, जोर लागला की ११७ वॅटपर्यंत जातो.

एच६१० वर रॅमच्या दोनच जागा असतात. एम.२ डिस्कची जागा बहुधा एकच, आणि तिचा वेग मधला, म्हणजे पीसीआय-ई तिसऱ्या पिढीचा. रॅम कितीही वेगवान घेतली तरी प्रोसेसरला ठरवून दिलेल्या वेगापुढे जात नाही. डीडीआर४ असेल तर ३२००, म्हणून या बोर्डासाठी ३६०० ची महाग रॅम घेणे वाया आहे. बी६६० आणि बी७६० वर पुष्कळदा रॅमच्या चार जागा मिळतात, एम.२ च्या दोन किंवा जास्त, त्यातली एक चौथ्या पिढीच्या वेगाची, आणि रॅमचा वेग वाढवण्याची मुभा.

२०२३ मध्ये आम्हाला एच६१० चा बोर्ड सुमारे साडेसहा हजाराला मिळाला. त्याच दुकानात बी७६० साडेदहा हजार सांगत होते. आम्ही एच६१० घेतला. आमचे काम टॅली, ई-वे बिल, बँक, मेल आणि माल दाखवण्यासाठी फोटो एवढेच. एक डिस्क पुरते. चार हजारांचा फरक आम्ही ५०० जीबीच्या एसएसडीत आणि चांगल्या एसएमपीएसमध्ये घातला. आज मागे वळून बघता तो निर्णय दुरुस्त वाटतो.

पण आमच्या शेजारी जॅकार्ड आणि एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचे काम करणारे आहेत. त्यांच्या मशीनवर मोठ्या फाइली तासन्‌तास उघड्या असतात, उद्या ग्राफिक्स कार्ड लागते, ३२ किंवा ६४ जीबी रॅम लागते, कामाच्या फाइलींना वेगळी डिस्क लागते. त्यांनी बी७६० घ्यावा असेच आम्ही सांगू. म्हणून दुकानात जाण्याआधी एका कागदावर आपले काम लिहावे, आणि पुढच्या तीन वर्षांत काय वाढेल तेही लिहावे. बोर्ड त्या कागदाप्रमाणे ठरतो.

रॅमचा हिशेब

एलजीए१७०० च्या बोर्डांत दोन जाती आहेत. काहींना डीडीआर४ लागते, काहींना डीडीआर५. दोन्हींच्या पट्टीची खाच वेगळ्या ठिकाणी असते, एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. म्हणून बोर्डाच्या नावात "डी४" आहे का ते बघावे आणि दुकानदाराला विचारूनच घ्यावे. घरात डीडीआर४ ची चांगली पट्टी पडून असेल तर डी४ चा बोर्ड घेण्यात सरळ बचत आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम चढले, तेव्हा ज्यांनी फक्त बोर्डाचा भाव बघितला ते फसले. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम यांची एकत्र बेरीज करून मगच तुलना करावी.

आणखी एक गोष्ट. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या तर रॅमची ये-जा दोन रस्त्यांनी होते. ग्राफिक्स कार्ड नसेल तर याचा फायदा जास्त, कारण चित्र दाखवायलाही तीच रॅम वापरली जाते. पण एच६१० वर जागा दोनच. दोन्ही भरल्या तर उद्या रॅम वाढवताना जुनी काढून टाकावी लागेल. वाढवायची खात्री असेल तर आज सोळाची एक पट्टी घ्यावी आणि दुसरी जागा मोकळी ठेवावी. वाढवायची नसेल तर आठच्या दोन.

वीज आणि उष्णता

बोर्डाचा खरा कस येथे लागतो. एसएमपीएसमधून बोर्डाला १२ व्होल्ट येतात, पण प्रोसेसरला लागतात साधारण एक-सव्वा व्होल्ट. हे उतरवण्याचे काम सॉकेटच्या बाजूला असलेली छोट्या भागांची रांग करते. तिला व्हीआरएम म्हणतात. काम जड झाले की हे भाग तापतात. फार तापले की बोर्ड प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि वर्षानुवर्षे तापत राहिले तर आयुष्य घटते.

बोर्ड हातात घेऊन बघावा. सॉकेटच्या कडेला या भागांवर धातूचा जाड तुकडा बसवलेला असतो, तो हीटसिंक. सगळ्यात स्वस्त एच६१० वर तो नसतो. आय५-१२४०० वर हिशेबाचे काम असेल तर त्याशिवायही चालते. पण डिझाइनचे जड काम असेल, किंवा आय५-१३४०० सारखा १४८ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर असेल, तर हीटसिंक असलेलाच बोर्ड घ्यावा. येथे पाचशे-हजार वाचवू नयेत.

आपल्या वस्त्यांत याला दुसरे कारण आहे. मागाजवळच्या खोलीत हवेत सुताचे तंतू उडत असतात. ते पंख्यात आणि हीटसिंकमध्ये जाऊन गादीसारखे बसतात. त्यात मे महिना आणि वर-खाली होणारी वीज. आमचा जुना बोर्ड उघडला तेव्हा आत बोटभर थर निघाला होता. म्हणून कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये, दोन-तीन महिन्यांनी मशीन बंद करून झटकून घ्यावे, अर्थिंग तपासून घ्यावे, यूपीएस लावावा, आणि कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर विश्वास ठेवू नये. "८० प्लस" चा शिक्का असलेला नामवंत कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. चांगल्या बोर्डाला खराब वीज म्हणजे चांगल्या मागाला कच्चे सूत.

मागची बाजू बघा

पेढीच्या दृष्टीने बोर्डाची मागची बाजू फार कामाची. जुना मॉनिटर व्हीजीएचा असेल तर बोर्डावर व्हीजीए आहे का ते बघावे. कमी भावाच्या बोर्डांवर ते पुष्कळदा मिळते, महागड्यांवर नसते. बिलाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जुन्या पॅरलल पोर्टचा असेल तर काही साध्या बोर्डांवर आजही त्याची सोय दिलेली असते. बारकोड स्कॅनर, प्रिंटर, डिजिटल सहीचे टोकन, सॉफ्टवेअरचे डोंगल, माऊस, कीबोर्ड यांनीच सहा यूएसबी जागा भरतात. त्या मोजून घ्याव्यात. वाय-फाय असलेला बोर्ड महाग असतो. केबलचे इंटरनेट पेढीत येत असेल तर त्याची गरज नाही. रंगीत दिव्यांची तर मुळीच नाही.

आकारही बघावा. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ मिलिमीटरच्या चौकोनात बसतो आणि बहुतेक साध्या कॅबिनेटमध्ये जातो. आपल्याला तो पुरेसा आहे.

एएमडीचा पर्याय

एएमडीचा रायझन ५ ५६०० हाही सहा कोअरचा, ६५ वॅटचा, डीडीआर४ वर चालणारा प्रोसेसर. त्याचा सॉकेट एएम४ आणि कमी भावाचे बोर्ड ए५२० आणि बी५५०. पण ५६०० मध्ये चित्राचा भाग नाही, ५६००जी मध्ये आहे. पेढीसाठी जी घ्यावा. ए५२० हा एच६१० च्या तोलाचा आणि बी५५० हा वरच्या सोयीचा, असे ढोबळमानाने समजावे.

रायझन ५ ७६०० चा सॉकेट मात्र नवा, एएम५. त्याला फक्त डीडीआर५ चालते, साधे चित्र तो स्वतः दाखवतो, आणि कमी भावाचे बोर्ड ए६२० आणि बी६५०. एएम५ वर २०२७ पर्यंत तरी नवे प्रोसेसर देत राहू, असे एएमडीने २०२४ मध्ये जाहीर केले. इंटेलचा एलजीए१७०० मात्र चौदाव्या पिढीवर थांबला. २०२४ नंतरचे कोअर अल्ट्रा प्रोसेसर एलजीए१८५१ या वेगळ्या सॉकेटवर आले, त्यांचे कमी भावाचे बोर्ड एच८१० आणि बी८६०. म्हणजे ज्याला बोर्ड न बदलता तीन वर्षांनी प्रोसेसर वाढवायचा आहे त्याला एएम५ ला थोडे जास्त देणे परवडते. ज्याला एकदा घेऊन सहा-सात वर्षे हिशेबच लिहायचा आहे त्याला नाही.

बायॉसची भानगड

बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही नवे, सॉकेट एकच, तरी मशीन सुरू होत नाही, असेही होते. बोर्डात बायॉस नावाचा छोटा प्रोग्राम भरलेला असतो. तो जुना असेल तर नंतर आलेला प्रोसेसर ओळखत नाही. २०२२ मध्ये भरलेला एच६१० बोर्ड आय५-१२४०० घेतो, पण आय५-१४४०० साठी बायॉस नवा करून घ्यावा लागतो. म्हणून दुकानातच मशीन सुरू करून घ्यावे, प्रोसेसरचा नंबर पडद्यावर बघावा आणि मगच पैसे द्यावेत.

बोर्डावर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर२०३२. ती काही वर्षांनी संपते आणि कॉम्प्युटरची तारीख चुकते. तारीख चुकली की बँकेचे आणि जीएसटीचे पोर्टल उघडत नाही, आणि आपण इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो. आधी कोपऱ्यातली तारीख बघावी.

बिल आणि वॉरंटी

बिलावर "कॉम्प्युटर, १ नग" लिहू देऊ नये. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, बोर्डाचे पूर्ण नाव, रॅम, आणि प्रत्येकाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. नामवंत कंपन्यांच्या बोर्डांना बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती सिरियल नंबरावर मिळते. एलजीए सॉकेटच्या बारीक पिना बोर्डावर असतात. एकही वाकली तर वॉरंटी नाकारतात. सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण फेकू नये, बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते लागते. खोकेही ठेवावे.

आपण जीएसटीत नोंदलेले असाल तर बिलावर आपला जीएसटी नंबर घालून घ्यावा. बोर्डावर १८ टक्के कर आहे. साडेसहा हजारांच्या बोर्डात सुमारे ९९० रुपये कराचे असतात आणि मशीन धंद्यासाठी असेल तर ते जमा धरता येतात. "बिलाशिवाय पाचशे कमी" म्हणणाऱ्याकडे घेतले तर हे ९९० ही गेले आणि वॉरंटीही गेली.

थोडक्यात

फक्त हिशेब आणि बिले असतील तर आय५-१२४०० आणि नामवंत कंपनीचा एच६१०, किंवा ५६००जी आणि ए५२०. डिझाइनचे काम असेल तर हीटसिंक असलेला बी७६०. पुढे प्रोसेसर वाढवायचा असेल तर एएम५. कपात करायची ती दिव्यांत, वाय-फायमध्ये आणि झेडच्या नावात करावी. व्हीआरएम, एसएमपीएस आणि बिल यांत करू नये.

हा मजकूर कापून खिशात ठेवावा आणि दुकानात जाताना बरोबर न्यावा. दुकानदार चिडला तर चिडू द्यावा. आपल्या दुकानात येऊन गिऱ्हाईक ठाण उजेडात धरते, तेव्हा आपण कुठे चिडतो?